मेरी फेगनचा खून व न्यायाचा शोध

खून झाला म्हणजे खुनी सांपडलाच पाहिजे, ही सर्वांचीच साहजिक भावना असते. आणि बळी पडलेली जर तेरा वर्षांची मुलगी असेल, तर ती भावना किती तीव्र होते हें सांगावयास नको. परंतु ‘खुनी सांपडला पाहिजे’ आणि ‘कोणीतरी सांपडला पाहिजे’ या दोन वाक्यांतील अंतर संतापाच्या भरांत दिसेनासें होतें. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत १९१३ सालीं घडलेल्या एका प्रकरणांत तें कसें बुजून गेलें, हें आम्ही येथें विद्यार्थी वाचकांपुढें मांडीत आहों. पालकांनींहि तें वाचावें. कारण ज्यांच्या हातून पुढील अनर्थ घडला ते रानटी लोक नव्हते, मुलेंबाळें असलेले गृहस्थच होते.

मेरी फेगन ही अटलांटा शहरांतील पेन्सिलींच्या एका कारखान्यांत कामास होती. तिचा बाप तिच्या जन्मापूर्वींच वारला होता, आणि लहानपणींच शाळा सोडून तिला मजुरीस लागावें लागलें होतें. पेन्सिलीच्या टोंकास पितळी टोपण व रबर बसविणें हें तिचें काम. ज्या वयांत आमच्या मुली पेन्सिलीनें लिहितात, त्या वयांत ही मुलगी इतरांच्या पेन्सिली तयार करीत होती! त्या आठवड्यांत पितळेचा पत्रा संपल्यामुळें काम थांबलें होतें, व तिचे अवघे १ डॉलर २० सेंट येणें होते. शनिवार, ता. २६ एप्रिल १९१३ रोजीं यादवी युद्धांत पडलेल्या दक्षिणेकडील सैनिकांच्या स्मरणार्थ सुट्टी होती. मिरवणूक पाहावयास निघालेली मेरी दुपारीं बाराच्या सुमारास पगार घेण्यासाठीं कारखान्यांत शिरली, ती पुन्हां जिवंत बाहेर आली नाहीं. त्याच रात्रीं तीनच्या सुमारास पाहरेकऱ्यास तिचें प्रेत तळघरांत आढळलें. गळ्याभोंवतीं दोरी आवळलेली होती. जवळच दोन चिठ्ठ्या पडल्या होत्या. त्या जणूं मरतां मरतां मेरीनेंच लिहिल्या असाव्यात, आणि त्यांत एका उंच कृष्णवर्णीय माणसावर आळ होता. गळा आवळला जात असतां कोणी चिठ्ठ्या लिहीत बसत नाहीं, हें शाळकरी पोरहि सांगेल. तथापि त्या चिठ्ठ्या कोणीं लिहिल्या यावरच सारा खटला पुढें फिरला.

पोलिसांनीं प्रथम त्या गरीब पाहरेकऱ्यासच धरलें. तो कृष्णवर्णीय होता, एवढें कारण त्या काळीं तेथें पुरेसें होतें. नंतर संशय कारखान्याचा व्यवस्थापक लिओ फ्रँक याजवर गेला. हा एकोणतीस वर्षांचा, उत्तरेकडे वाढलेला, शिकलेला यहुदी गृहस्थ. मेरीला आपण पगार दिला हें त्यानें स्वतःच सांगितलें होतें, व पोलिसांसमोर तो फार घाबरला होता. वर्तमानपत्रांचा खप वाढत होता; रोज नवी आवई उठत होती. त्या चिठ्ठ्या मात्र जिम कॉन्ली नांवाच्या झाडलोट करणाऱ्या नोकराच्या हातच्या निघाल्या. आपणांस लिहितांच येत नाहीं असें तो आधीं म्हणाला. मग, लिहिल्या पण फ्रँकनें सांगितल्या म्हणून, असें म्हणाला. पुढें तर प्रेत तळघरांत नेण्यास आपण फ्रँकला मदत केली, अशीहि त्यानें जबानी दिली. त्याच्या जबान्या एकामागून एक बदलत गेल्या, आणि प्रत्येक नवी जबानी सरकारी पक्षास अधिक सोयीची होत गेली.

ता. २८ जुलै रोजीं खटला उभा राहिला. तेथें दोषी कीं निर्दोष हें बारा ज्यूरी-पंच ठरवितात. (आपल्याकडेहि पूर्वी ही पद्धति होती, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ती ठेवली नाहीं.) पंचांनीं फक्त पुरावा ऐकावा, रस्त्यावरचा आवाज ऐकूं नये, हा त्या पद्धतीचा पाया. पण उन्हाळ्यामुळें खिडक्या उघड्या होत्या, आणि बाहेर लोकांची गर्दी सरकारी वकील ह्यू डॉर्सी याचा जयजयकार करीत होती. फ्रँकच्या वकिलांनींहि आपली बाजू मोठ्या सभ्यपणें मांडली असें नव्हे; कॉन्लीच्या वर्णावरून त्यांनीं जीं हीन वचनें काढलीं, तीं यहुद्यांविषयींच्या द्वेषाहून कांहीं निराळ्या जातीचीं नव्हतीं. निकालाच्या दिवशीं, ता. २५ ऑगस्टला, आरोपी सुटल्यास जमाव त्याचा जीव घेईल या भीतीनें खुद्द न्यायाधीशांच्या सूचनेवरून आरोपीस व त्याच्या मुख्य वकिलांस न्यायालयापासून दूर ठेविलें होतें. फ्रँक दोषी ठरला व त्यास फांशीची शिक्षा झाली.

वरच्या न्यायालयांतील अपिलें फेटाळलीं गेलीं. एप्रिल १९१५ मध्यें अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेंहि सात विरुद्ध दोन मतांनीं फ्रँकचा अर्ज नाकारला. होम्स व ह्यूज या दोघां न्यायमूर्तींनीं भिन्न मत दिलें. जमावाच्या धाकाखालीं चाललेल्या चौकशीस न्यायाची चौकशी म्हणतां येत नाहीं, असा त्यांचा आशय होता.

आतां एकच दार उरलें होतें, तें गव्हर्नर जॉन स्लेटन यांचें. त्यांची मुदत संपत आली होती. दुर्लक्ष केलें असतें तर कोणी दोष दिला नसता, उलट पुढील निवडणुकींत मतें मिळालीं असतीं. त्यांनीं हजारों पानांचे कागद वाचले व स्वतः कारखान्यांत जाऊन पाहणी केली. त्यांच्या नजरेस जी गोष्ट आली ती ऐकावयास ओंगळ, पण विचार करण्याजोगी आहे. प्रेत आपण व फ्रँकनें लिफ्टमधून तळघरांत उतरविलें, असें कॉन्लीनें शपथेवर सांगितलें होतें. त्याच शनिवारीं सकाळीं आपण लिफ्टच्या खड्ड्यांत शौचास बसलों होतों, असेंहि त्यानें कबूल केलें होतें. लिफ्ट खालीं गेली म्हणजे थेट खड्ड्याच्या जमिनीस टेके. रविवारीं पोलीस लिफ्टनें उतरले, तेव्हां ती घाण चिरडून दुर्गंधि सुटली. त्यापूर्वीं ती जशीच्या तशी होती. म्हणजे शनिवारीं दुपारीं लिफ्ट तळाशीं गेलीच नव्हती! मग प्रेत लिफ्टमधून गेलें कसें? कॉन्लीच्या जबानीचा कणाच येथें मोडतो. शिवाय फ्रँकच्या मजल्यावर यंत्रास चिकटलेले केस मेरीचे म्हणून दाखविले गेले होते. सूक्ष्मदर्शकाखालीं ते तिच्या केसांशीं जुळले नव्हते, पण हें पंचांना कळूंच दिलें नव्हतें. आमच्या मतें या खटल्यांतील सर्वांत लज्जास्पद गोष्ट हीच. खोटें बोलणाऱ्या साक्षीदारापेक्षां खरें दडविणारा अधिकारी न्यायास अधिक घातक असतो.

ता. २१ जून १९१५ रोजीं स्लेटन यांनीं फांशी रद्द करून जन्मठेप दिली. त्यांच्या वकिली पेढीशीं फ्रँकच्या एका वकिलाचा संबंध होता, याचा विरोधकांनीं मोठा गवगवा केला. कारणांना उत्तर मात्र दिलें नाहीं. जमाव त्यांच्या घरावर चालून गेला, लष्करी पहारा बसवावा लागला, व मुदत संपतांच त्यांना संस्थान सोडावें लागलें. टॉम वॉटसन हा आपल्या पत्रांतून आठवड्यामागून आठवडे लोकांना चिथावीत होता. ता. १६ ऑगस्टच्या रात्रीं सुमारें पंचवीस माणसांच्या टोळीनें तुरुंगांतून फ्रँकला उचललें, रातोरात मोटारींतून मेरीच्या गांवाकडे, मॅरिएटा येथें नेलें, आणि सकाळीं झाडास टांगलें. टोळींत गांवचे प्रतिष्ठित लोक होते. कोणासहि शिक्षा झाली नाहीं. डॉर्सी पुढें गव्हर्नर झाला, वॉटसन सिनेटर झाला.

या गदारोळांत मेरीचें काय झालें? तिचें नांव घेऊन माणूस मारला गेला, तिच्या नांवानें मंडळी जमल्या. पण तिला कोणीं मारलें हा प्रश्न मॅरिएटाच्या त्या झाडापाशींच थांबला. ज्यांस मनापासून तिचा कैवार घ्यावयाचा होता, त्यांनींच तिच्या खुन्याचा माग बंद केला. कॉन्लीस केवळ साहाय्य केल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली होती, ती भोगून तो केव्हांच मोकळा झाला होता. आज बहुतेक इतिहासकार फ्रँकला निर्दोष मानतात.

१९२३ मध्यें दुसऱ्या एका खटल्यांत जमावाच्या दडपणाखालीं दिलेला निकाल टिकूं शकत नाहीं, असा निर्णय सुप्रीम कोर्टानें दिला. तो होम्स यांनींच लिहिला. फ्रँकच्या प्रकरणांत ज्यांचें मत हरलें होतें, तेंच आठ वर्षांनीं न्यायालयाचें मत झालें.

मग १९८२ सालीं, खुनास जवळजवळ सत्तर वर्षें होत आलीं असतां, एक म्हातारा बोलूं लागला. अलॉन्झो मान हा १९१३ सालीं त्या कारखान्यांतील कचेरीचा पोऱ्या होता, वयानें मेरीएवढाच. त्या शनिवारीं आपण कॉन्लीस मेरीचें शरीर उचलून नेतांना पाहिलें, तो एकटाच होता, आणि बोललास तर ठार करीन असें त्यानें धमकाविलें, असें त्यानें सांगितलें. घरीं आईस हें सांगितलें तेव्हां तिनेंहि गप्प राहावयास सांगितलें. आईबापांनीं येथें क्षणभर थांबावें. तिला दोष देणें सोपें आहे. बाहेर तसला जमाव असतां आपलें मूल साक्षीस पाठविणें मात्र सोपें नाहीं.

मान १९८५ मध्यें वारला. ता. ११ मार्च १९८६ रोजीं जॉर्जियाच्या क्षमामंडळानें फ्रँकला मरणोत्तर माफी दिली. कैद्याचें रक्षण करणें व त्यास दाद मागण्याची संधि राखणें संस्थानास साधलें नाहीं, एवढेंच त्यांत मान्य केलें. तो दोषी होता कीं निर्दोष, याविषयीं त्या लेखांत निर्णय नाहीं. आणि त्या माफीनें १९१३ चा पंचांचा निकालहि पुसला गेला नाहीं.