पोथीचे पान आणि वर्गातील चित्र

मध्ययुगीन चित्रकला शिकविताना पश्चिम भारतातील जैन पोथ्यांच्या वाट्याला फार तर एक-दोन तास येतात. पडद्यावर चित्र उमटते : तांबडी पार्श्वभूमी, टोकदार नाक आणि गालाच्या रेषेबाहेर आलेला तो दुसरा डोळा. विद्यार्थी लक्षणे उतरवून घेतात व मोगल शैलीकडे वळतात. लक्षणे खोटी नाहीत. पण पडद्यावरचे चित्र बहुधा पानातून वेगळे काढलेले असते. भोवतालचा मजकूर, समास, पत्रांक सारे गाळलेले. पोथीतील चित्राकडे तसबीर म्हणून पाहण्याची सवय येथेच जडते.

पोथी आधी लिहिली जाई. लेखनिक चित्रापुरती जागा मोकळी सोडी. चितारी काम करी ते त्यानंतर. त्याच्यासाठी समासात कधी दोन शब्दांची सूचना, तर कधी बारीकसे रेखाटन केलेले आढळते. ताडपत्राची उंची जेमतेम दोन-तीन इंच. चौदाव्या शतकापासून कागद रूढ होत गेला, पानाची उंची वाढू लागली, पण आकार आडवाच राहिला. ताडपत्रे दोरीत ओवण्यासाठी त्यांना भोक पाडावे लागे. कागदाला त्याची गरज नव्हती. तरी नेमक्या त्या जागी तांबडा किंवा सोनेरी ठिपका काढण्याची चाल पुढे कितीतरी काळ टिकली. हा ठिपका मला तरी त्या दुसऱ्या डोळ्यापेक्षा अधिक बोलका वाटतो. कापलेल्या चित्रात तो दिसत नाही.

संशोधकाचा खरा आधार म्हणजे पोथीच्या अखेरीची पुष्पिका. संवत, गाव, पोथी लिहवून घेणाऱ्याचे कुल यांची नोंद तिच्यात मिळते. या शैलीला पूर्वी ‘गुजराती’ म्हणत. मात्र कल्पसूत्राच्या एका पोथीच्या पुष्पिकेत १४३९ हे साल आणि मांडू हे स्थळ निघाले, तर दुसऱ्या, सुवर्णाक्षरी पोथीत १४६५ आणि जौनपूर. एक माळव्यातील, दुसरी थेट गंगेच्या मुलुखातील! चित्रे सुटी हाती आली असती, तर जौनपूरचे नाव कोणाला सुचले असते? ‘जैन शैली’ हे नावही पुरत नाही. १४५१ मध्ये अहमदाबादेत तयार झालेला ‘वसंतविलासा’चा पट शृंगारकाव्याचा आहे. डॉ. मोतीचंद्रांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथाच्या नावातच ‘पश्चिम भारत’ हा प्रदेश घातला, तो उगाच नव्हे.

अशा अनेक पोथ्या फुटल्या आणि त्यांची सुटी पाने देशोदेशींच्या संग्रहांत गेली. गिऱ्हाईक चित्राच्या पानाला असते; नुसत्या मजकुराचे पान कोण घेणार? पुष्पिकेचे पान असे एकदा वेगळे पडले, की उरलेल्या चित्रांचा काळ ‘अंदाजे’ या शब्दावर येऊन थांबतो.

म्हणून त्रिशलेच्या चौदा स्वप्नांचे पान दाखवायचे, तर ते अख्खे दाखवावे, आणि आधी ओळी मोजून, पत्रांक शोधून मग चित्राकडे यावे. अडचण लिपीची येईल. जैन नागरीत एकाराची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या डोक्यावर नसून त्याच्या मागे, उभ्या रेघेसारखी असते आणि नवशिक्याला ती काना वाटते. भाषा अर्धमागधी. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने आठवड्यातून एक तास प्राकृतच्या वर्गात बसण्यास हरकत कोणती? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह असून त्याच्या वर्णनात्मक सूच्या छापलेल्या आहेत. पुष्पिका कशी वाचावी, याचे धडे त्या सूच्यांच्या पानोपानी मिळतात.