पायरीचे गणित

आमच्या जऊळक्याच्या म्हाताऱ्या माणसांना मोठ्या दवाखान्यासाठी अकोला गाठावे लागते. तिकीट मिळते, पण ज्याचे पाय साथ देत नाहीत, त्याला गाडीची पायरीच अडवते. या अडचणीचा विचार मी येथे अंकांनी करणार आहे.

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे. म्हणजे एक फूट चढण्यास बारा फूट लांब उतार. सखल तळाच्या शहरी बसचा तळ रस्त्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर उंच असतो. या हिशोबाने ४८० सेंटिमीटरचा उतार लागेल! परंतु थांब्याचा ओटा १५ सेंटिमीटर उंच असेल, तर फरक २५ उरतो. बस ओट्याकडे झुकणारी असेल तर आणखी कमी. मग एखाद्याने धरलेली फळीही पुरते. सारांश, बसबरोबर थांबाही सुधारला पाहिजे.

मुंबईत २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत. पण तेथवरचा पदपथच उखडलेला असेल, तर लिफ्टचा उपयोग काय?

एस.टी.त दिव्यांगांना भाड्यात सवलत आहे. तिने पायरी मात्र खाली येत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा न राहता बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले.

विद्यार्थी मित्रहो, आपण निदान टेप घेऊन आपापल्या गावचा थांबा मोजू या. मागणीला आकड्यांचा आधार असला, म्हणजे ती टाळणे अवघड जाते.