पायवाटेचा सराव आणि पाण्यावरचा परवाना

पाठीवर बिऱ्हाड घेऊन सह्याद्रीत आणि हिमालयात भटकलेल्या नागपूरच्या मंडळींना कनूच्या वर्तुळी सफरीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी आणि एकपाती वल्ह्याने चालवायची होडी. तिच्यातून जेथून निघायचे तेथेच दुसऱ्या वाटेने परत यायचे, अशी ही सफर असते आणि तिच्यातील मुक्काम, शिधा, हवामान व नकाशा ही चारही अंगे भटक्याच्या अंगवळणी पडलेली असतात. तथापि डोंगरात माघारी फिरण्याचा निर्णय चालणाऱ्याच्या पायांत असतो, तर जलाशयावर पातळी धरणाच्या, काठ बऱ्याचदा वनखात्याच्या आणि होडी ती भाड्याने देणाऱ्याच्या हाती असते. प्रस्तुत लेखकाच्या गटाला गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात जे सोसावे लागले, ते यांपैकी शेवटच्या हातामुळे.

या सफरीचा नमुना उत्तर अमेरिकेतला आहे. कॅनडातील १८९३ साली स्थापन झालेले अल्गॉन्क्विन उद्यान किंवा मिनेसोटातील बाउंड्री वॉटर्स येथे शेकडो सरोवरे पोर्टेजने, म्हणजे होडी खांद्यावर घेऊन पार करायच्या आखीव पायवाटांनी, जोडलेली असून मुक्कामाच्या परवान्यावर प्रवेशाची जागा आणि तारीख नोंदलेली असते. भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांची रेलचेल असली, तरी त्यांच्यामध्ये धानाच्या बांध्या आहेत, पोर्टेज नाहीत. त्यामुळे येथे वर्तुळ आखायचे ते एकाच मोठ्या जलाशयाच्या एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परतण्याचे. पेंचचा तोतलाडोह नकाशावर कितीही मोहक दिसला, तरी तो व्याघ्र प्रकल्पात येतो, आणि तेथील विस्थापित आदिवासींच्या मासेमारीच्या परवान्यांचा प्रश्नदेखील १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन अटींसह सुटला, एवढे लक्षात घेतले म्हणजे हौशी वल्हेकऱ्याने तो विचार सोडून द्यावा, हे उघड आहे.

राहतो तो गोसीखुर्द. पवनीजवळ वैनगंगेवर असलेल्या आणि २२ एप्रिल १९८८ रोजी भूमिपूजन झालेल्या या धरणाचे पाणी मागे अंभोऱ्यापर्यंत, म्हणजे वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या नद्यांच्या संगमापर्यंत, पसरले आहे. पावसाळ्यात धरणाचे ३३ दरवाजे उघडले की संथ जलाशय पुन्हा नदी होतो, म्हणून ही सफर हिवाळ्यातच करावी. तेव्हाही पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे खुंट आणि पृष्ठभागालगत मच्छीमारांची जाळी असतात. त्यांची जागा नकाशात सापडत नाही, ती डोंगा चालवणाऱ्या ढिवर बांधवांनाच विचारावी लागते. शिवाय नागपूरचे सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानमार्गे येथेच येते. उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेली रसायने जात नाहीत, म्हणून पिण्याचे सारे पाणी घरूनच न्यावे. होडीत त्याचे वजन पाठीवर येत नाही, हा कनूचा खरा लाभ आहे.

गटाने होड्या ज्या आयोजकाकडून घेतल्या, त्याला परवानग्यांबाबत लेखी विचारणा केली होती आणि ‘सगळे आपल्याकडे आहे, तुम्ही फक्त या’ असे त्याचे उत्तर आले होते. ठरलेल्या कनूंऐवजी प्रत्यक्षात रिसॉर्टच्या तलावात फिरवतात तसल्या, सामान ठेवायला जागाच नसलेल्या प्लॅस्टिकच्या कयाकी मिळाल्या, तेव्हाही गटाने वाद टाळला. खरा प्रकार उघडकीस आला तो दुपारी, वनक्षेत्राला लागून असलेल्या काठावर तंबूचे खांब रोवले जात असताना. तेथे आलेल्या वनरक्षकाने अतिशय शांतपणे परवाना मागितला. आयोजकाने दिलेला कागद उलगडून वाचला, आणि ही नौकाविहाराच्या शुल्काची पावती आहे, हिच्यावर काठाचे किंवा मुक्कामाचे नावही नाही, असे सांगून ती जशीच्या तशी परत केली. त्याचे म्हणणे रास्त होते: २०१२ साली घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच परिसरात असून, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. आयोजकाला फोन लावला असता ‘तुम्ही एवढे ट्रेकर, एवढे तर तुम्हालाच कळायला हवे’ असे उत्तर मिळाले. पैसे घेताना ज्या अनुभवाची त्याने तोंड भरून स्तुती केली, त्याच अनुभवावर त्याने आपली जबाबदारी ढकलली, हे अजूनही विसरता येत नाही.

परतीचे अंतर त्यामुळे भर दुपारी, समोरच्या वाऱ्यात कापावे लागले. हिवाळ्यात येथे वारा प्रामुख्याने उत्तर-ईशान्येकडून येतो आणि ऊन चढले की जोर धरतो. पाण्यावरून तो जितके अंतर अडथळ्याविना वाहतो, ज्याला फेच म्हणतात, तितक्या लाटा मोठ्या होतात. म्हणून वर्तुळ दक्षिणेकडून सुरू करावे, ताजेपणी वाऱ्याविरुद्ध उत्तरेला जावे आणि दमल्यावर वारा पाठीशी घेऊन परतावे. वल्हवणे पहाटे सुरू करून दुपारपूर्वी संपवावे, आणि जलाशयाचा मध्य टाळून काठाकाठाने जावे. उंच, चौकटीची रकसॅक होडीचा तोल वर नेते आणि तिचे पावसाळी आवरण बुडीत पाण्यात निरुपयोगी ठरते. त्याऐवजी तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशव्या तळाशी सपाट रचाव्यात. लाइफ जॅकेट प्रत्येकाने अंगावर, पट्टे आवळून घालावे. जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात होडी उलटून तरुण बुडाले, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. हवामानाचा अंदाज पाहावा, घरी मार्ग कळवावा, प्रथमोपचाराची पेटी न्यावी, हे अर्थातच आहे.

सर्वांत महत्त्वाचे असे की, परवानगी आयोजकाच्या तोंडून ऐकू नये. काठ ज्या वनपरिक्षेत्रात येतो त्या कार्यालयात, आणि पाण्याच्या विसर्गाबद्दल धरणाच्या कार्यालयात, स्वतः चौकशी करावी. परवान्यावर मुक्कामाची जागा, तारीख आणि माणसांची संख्या लिहिलेली असावी, आणि भाड्याच्या करारात होडीचा प्रकार नमूद असावा. हे कागद हाती आल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नये, कारण गटाची अनामत आजतागायत परत मिळालेली नाही. आणि कागद मागितल्याचा ज्या आयोजकाला अपमान वाटतो, त्याच्याकडून वल्हेसुद्धा भाड्याने घेऊ नये.