क्षयाच्या गोळ्या कुठून आल्या?

पावसाळ्यात आमच्या काकांना खूप खोकला झाला. संध्याकाळी ताप यायचा, अंग वाळलं. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, तेव्हा क्षय निघाला. आशाताईंनी गोळ्या दिल्या. त्या फुकट मिळतात. गोळ्या घेतल्यावर काकांची लघवी लालसर झाली. आजी घाबरली. आशाताई म्हणाल्या, "आजी, ते रक्त नाही, गोळीचा रंग आहे." त्या औषधाचे नाव रिफाम्पिसिन. ही औषधे कोणी शोधली, असं मी बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलेली माहिती लिहितो.

क्षयरोग जंतूंमुळे होतो. 24 मार्च 1882 रोजी जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू शोधल्याचे जाहीर केले. म्हणून 24 मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो. पण जंतू मारणारे औषध मिळायला आणखी 60 वर्षे गेली. 1943 साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन शोधले. रिफाम्पिसिनचे मूळही मातीतल्या सूक्ष्मजीवातच आहे. मला नवल वाटलं. माती तर आपल्या शेतातही आहे!

एकच औषध दिले तर काही जंतू त्याला दाद देत नाहीत. तेच मग वाढतात. म्हणून पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन औषधे देतात. असे सहा महिने होतात.

आपल्या पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ तारापूरची एमआयडीसी आहे. तिथे औषधांचे पुष्कळ कारखाने आहेत. क्षयाच्या औषधांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लुपिन कंपनीचाही कारखाना तिथे आहे.

गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू हट्टी होतात. मग जुनी औषधे चालत नाहीत. अशा रोग्यांसाठी बेडाक्विलिन हे नवे औषध निघाले. त्याला 2012 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. क्षयावर असे नवे औषध 40 वर्षांनी आले. पण ते महाग होते. ते बनवण्याचा हक्क एकाच कंपनीकडे होता आणि तिला तो वाढवून हवा होता. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन यांना क्षय झाला होता आणि औषधाच्या इंजेक्शनांमुळे त्यांना ऐकू येईनासे झाले. त्यांनी व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी 2019 साली त्याला हरकत घेतली. 2023 साली भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीची मागणी नाकारली. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांनाही ते औषध बनवता आले.

तीन महिन्यांत काकांचा खोकला थांबला. दिवाळीनंतर ते वीटभट्टीवर निघाले. म्हणाले, "मी बरा झालो, आता गोळ्या कशाला?" मी त्यांना हट्टी जंतूंची गोष्ट सांगितली. ते गप्प बसले. आशाताई म्हणाल्या, "भाऊ, जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतील. मी कळवते."

काकांनी जाताना घरातलं कॅलेंडर नेलं. गोळी घेतली की ते तारखेवर रेघ मारतात. मी रोज फोनवर विचारतो, "काका, रेघ मारली का?" अजून बऱ्याच रेघा बाकी आहेत.

मुलांनो, तुमच्या घरी कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला सांगा. लाजू नका. आणि गोळ्या पुऱ्या करायला लावा.

– इयत्ता चौथी