९६०० बॉडसाठी जुना संच कसा बदलावा?

प्रश्न : माझ्या जुन्या व्हीएचएफ एफएम संचावर १२०० बॉडचा पॅकेट रेडिओ उत्तम चालतो. ९६०० बॉडचा मोडेम माइक आणि स्पीकरच्या जॅकला जोडला, तर एकही पॅकेट उलगडत नाही. काय करावे?

उत्तर : अडचण जोडणीच्या जागेत आहे. १२०० बॉडला १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर वापरतात. ते माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात बसतात, म्हणून माइक-स्पीकरचा मार्ग पुरतो. ९६०० बॉडसाठी वापरली जाणारी जेम्स मिलर यांची जी३आरयूएच पद्धत मात्र वाहक लहरीची वारंवारता थेट बदलते. तिचा संकेत अगदी खालच्या वारंवारतेपासून सुमारे ५ किलोहर्ट्झपर्यंत पसरतो. ध्वनिमार्गातले प्री-एम्फसिस, डी-एम्फसिस आणि फिल्टर त्याचा आकार मोडून टाकतात.

म्हणून ग्रहणाचा संकेत डिस्क्रिमिनेटरमधून, डी-एम्फसिसच्या आधीच काढा. प्रक्षेपणाचा संकेत माइकचा अॅम्प्लिफायर टाळून थेट मॉड्युलेटरच्या व्हॅरॅक्टर डायोडला द्या. दोन्हीकडे शील्डेड वायर वापरा, ती आखूड ठेवा. डेव्हिएशन ३ किलोहर्ट्झच्या आसपास असू द्या. ते वाढवल्यास समोरच्याच्या आयएफ फिल्टरमध्ये संकेत कापला जातो आणि चुका वाढतात.

आधी फक्त ग्रहणाचा बदल करून पाहा. पॅकेट उलगडू लागले की मगच प्रक्षेपणाला हात घाला. काही संचांत पीएलएल खालच्या वारंवारता दाबून टाकतो. तेव्हा सर्किट आकृती हाती असल्याशिवाय सोल्डरिंग करू नका. अशा संचापेक्षा ९६०० बॉडचा डेटा पोर्ट असलेला संच घेणे शहाणपणाचे.