गिरगांवचा वाडा

ह्या आठवड्याच्या पाठास आम्ही जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे मुंबईचे नाना, ह्यांचें चरित्र घेतलें आहे. ते ख्रिस्ती नव्हते. तरी शेजाऱ्यावर प्रीति करण्याचा धडा त्यांजकडून घेण्यास वाचकांस संकोच वाटूं नये; चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण वाचतोंच.

नानांचा जन्म १८०३ सालीं झाला. तरुणपणींच वडिलांची मोठी पेढी त्यांच्या हातीं आली. आगगाडी आणण्याच्या खटपटींत ते जमशेटजी जिजीभाईंबरोबर होते, आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. हें शाळेच्या पुस्तकांतही सांपडतें, म्हणून येथें थांबत नाहीं.

मुंबईंत अमेरिकन मिशननें मुलींची शाळा १८२४ सालीं काढली होती. पण मोठ्या घरचे लोक आपल्या मुली पाठवीत नसत. १८४९ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयाच्या तरुणांच्या सभेनें मुलींच्या शाळा काढण्याचें मनावर घेतलें, तेव्हां नानांनीं गिरगांवांतील आपल्या वाड्यांतच जागा दिली. पैसे देणारा एकदां देऊन मोकळा होतो. घर देणाऱ्यास रोज शेजाऱ्यांस तोंड द्यावें लागतें. एका गांवीं आम्ही रात्रीच्या वर्गासाठीं ओटा मागितला असतां दहा रुपये वर्गणी तात्काळ मिळाली, ओटा मात्र मिळाला नाहीं! नाना तर जुन्या वळणाच्या हिंदु समाजाचे पुढारी. ज्यांच्यांत त्यांचा मान, त्यांच्याच देखत मुली पाटी घेऊन त्यांच्या दारांतून आंत जात.

दुसरी गोष्ट शिक्षणमंडळांतली. वरचें शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें असें मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांचें मत होतें. नानांस इंग्रजी उत्तम येत असे. अध्यक्षांस दुखविण्यांत त्यांचा कांहीं लाभ नव्हता. तरी १८४७ सालीं त्यांनीं लेखी विरोध केला, कारण लोकांच्या भाषेंतून दिल्यावांचून ज्ञान सर्व लोकांपर्यंत पोहोंचणार नाहीं अशी त्यांची खात्री होती. वरच्या वर्गांत पुढें इंग्रजीच राहिली. पण खेड्यांतल्या पोराची बाजू त्या दिवाणखान्यांत कोणी तरी मांडली होती, हें आमच्या शिक्षकांनीं वर्गांत अवश्य सांगावें.

३१ जुलै १८६५ रोजीं नाना वारले. मुंबईस जाणें झाल्यास टाउन हॉलांतील त्यांचा पुतळा मुलांस दाखवावा, आणि ग्रँट रोडजवळच्या नाना चौकास तें नांव कोणावरून पडलें, हें त्यांस विचारावें.