पत्र्याच्या खोलीचे तापमान : संवेदकापासून स्प्रेडशीटपर्यंत

स्मरणिकेत आठवणींचे लेख पुष्कळ असतात आणि ते असावेतही. विज्ञान विभागाच्या वतीने आम्ही मात्र येथे एक पाठ मांडत आहोत. माजी विद्यार्थ्यांना तो परका वाटू नये, कारण त्याचा संबंध त्यांच्याच झोपण्याच्या जागेशी आहे. वसतिगृहाची एक खोली स्लॅबची, तिला लागून दुसरी पत्र्याची. उन्हाळ्यात पत्र्याची खोली भट्टीसारखी तापते, लहान मुलांना तेथे झोप लागत नाही, अशी पालकांची तक्रार दरवर्षी येत असे. छताखाली आच्छादन बसवण्याचा खर्च करावा काय, हा प्रश्न समितीपुढे आला तेव्हा आधी मोजून पाहावे असे ठरले आणि ते काम आमच्याकडे आले.

दुपारी एकदा तापमापक पाहून आकडा टिपणे सोपे आहे. पण तक्रार झोपेची होती, आणि रात्रभर दर दहा सेकंदांनी तापमान लिहीत बसणे माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणून हे काम संवेदकावर आणि संगणकावर सोपवले. नववी-दहावीच्या काही मुलांना हाताशी घेतले. साहित्य अगदी बेताचे होते : एलएम-३५ जातीचे दोन संवेदक, एक आर्डुइनो ऊनो बोर्ड, वायर आणि एक जुना लॅपटॉप. संवेदक छताजवळ न लावता मुलाच्या उशीच्या उंचीवर, भिंतीपासून थोडे दूर लटकवले. पत्र्याचे तापमान नव्हे, झोपणाऱ्याभोवतीच्या हवेचे तापमान आम्हाला हवे होते. त्याआधी दोन्ही संवेदक तासभर एकाच टेबलावर शेजारी ठेवून त्यांच्यात मुळातच किती फरक आहे ते पाहिले. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

एलएम-३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट विद्युतदाब देतो. ३० अंशांना ३०० मिलिव्होल्ट, ४० अंशांना ४००. बोर्ड हा दाब थेट समजून घेत नाही. तो आपल्या ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो आणि आलेला दाब कितव्या भागात बसतो तो पूर्णांक सांगतो. एक भाग म्हणजे सुमारे ४.९ मिलिव्होल्ट, अर्थात जवळजवळ अर्धा अंश. त्याहून बारीक फरक एकट्या वाचनात दिसत नाही, हे मुलांना आरंभीच सांगितले. नाहीतर गणितातून येणाऱ्या दशांश स्थळांवर फार विश्वास बसतो. वायर काही मीटर लांब असल्याने आकडे उड्या मारू लागले. संवेदकाचे उत्पादन-टाळ अर्थात आउटपुट आणि भू-टोक यांच्यामध्ये ७५ ओहमचा रोधक आणि १ मायक्रोफॅरडचा धारित्र एकापुढे एक जोडल्यावर ते बरेच स्थिरावले.

बोर्ड यूएसबी वायरीतून दर दहा सेकंदांनी एक ओळ पाठवी : दोन्ही खोल्यांचे आकडे, मध्ये स्वल्पविराम. लॅपटॉपवरील एक छोटा प्रोग्राम त्या ओळीच्या आरंभी वेळ लावून ती साध्या मजकुराच्या फाईलमध्ये साठवी. अशी फाईल एक्सेलमध्ये वा लिब्रेऑफिसमध्ये उघडली की स्वल्पविरामाच्या जागी रकाने पडतात. दिवसाच्या ८,६४० ओळी होतात. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे जागेची चिंता नव्हती. वेळ मात्र संगणकाचीच घ्यावी. ऊनो बोर्डात घड्याळ नसते. तो सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजतो आणि वीज जाऊन आली की पुन्हा शून्यापासून आरंभ करतो. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी. ३ एप्रिल आणि ४ मार्च यांचा घोळ एक्सेल निमूटपणे घालतो.

आता मुख्य गोष्ट. फाईलमध्ये आम्ही अंश लिहिले नाहीत, बोर्डाने दिलेला कच्चा पूर्णांकच लिहिला. अंश काढण्याचे सूत्र स्प्रेडशीटच्या वेगळ्या रकान्यात ठेवले आणि सूत्रातील ५ व्होल्ट हा आकडा एका स्वतंत्र चौकटीत. मुलांना हा उपद्व्याप वाटला. बोर्डालाच भागाकार करू द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

तिसऱ्या दिवशी पत्र्याच्या खोलीचा दुपारचा पूर्णांक ८६ होता, सूत्राने ४२.० अंश झाले. शेजारी टांगलेला पाऱ्याचा तापमापक ४० च्या वर जाईना. मुले त्या तापमापकालाच दोष देऊ लागली. मल्टीमीटर लावून पाहिले तर लांब यूएसबी वायरीतून बोर्डाला ५ नव्हे, ४.७२ व्होल्ट मिळत होते. कापड मोजण्याचा गजच आखूड असला की कापड लांब भरते, तसे झाले होते. चौकटीत ५ च्या जागी ४.७२ लिहिताच तिन्ही दिवसांचे सगळे रकाने एका क्षणात बदलले. ४२.० चे ३९.६ झाले. बोर्डाने अंश लिहिले असते तर कोणत्या भागाकाराने लिहिले हेही पुढे कोणाला आठवले नसते. ४२ हा आकडा तोवर समितीच्या एका सदस्यांच्या कानावर गेला होता. तो आमच्या बाजूचा होता, तरी चुकला असल्याचे त्यांना जाऊन सांगावे लागले. पुढील वर्षी आम्ही बोर्डातील अंतर्गत १.१ व्होल्टचा आधार वापरला. तो वायरीच्या दाबावर अवलंबून नसतो आणि त्याने एक भाग अंशाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक होतो. प्रत्येक बोर्डात तो नेमका १.१ नसतो, म्हणून एकदा मोजून घ्यावा लागतो.

आणखी एक प्रसंग. एका रात्री वीज गेली, जुन्या लॅपटॉपची बॅटरी तग धरू शकली नाही आणि नोंदीत तासाभराचे खिंडार पडले. सकाळी पाहतो तो आलेख अखंड. एका हुशार मुलाने वरच्या चौकटी निवडून माउसने खाली ओढल्या होत्या आणि स्प्रेडशीटने त्याला सुंदर चढत्या क्रमाचे आकडे पुरवले होते. ‘सर, रिकामे बरे दिसत नव्हते,’ तो म्हणाला. आम्ही ते पुसायला लावले. तेथे शून्यही भरायचे नाही, कारण शून्य सरासरीत धरले जाते. रिकामी चौकट सरासरीचे सूत्र सोडून देते. मूळ फाईल हातही न लावता वेगळी ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे, हा नियम त्या सकाळपासून लागू झाला.

पंधरवड्याच्या नोंदी दर तासाच्या सरासरीने मांडल्या तेव्हा आमचाही समज ढासळला. दुपारी पत्र्याची खोली स्लॅबच्या खोलीहून खूपच तापत होती, ते अपेक्षितच होते. पण सूर्यास्तानंतर दोन्ही रेषा एकमेकींकडे झुकू लागत, रात्री दहाच्या सुमारास एकमेकींना छेदत आणि पहाटेपर्यंत स्लॅबची खोलीच दोन-तीन अंशांनी अधिक उष्ण राही. पातळ पत्रा उष्णता धरून ठेवत नाही, ती लवकर सोडून देतो. सिमेंटचा जाड थर दिवसभर प्यायलेली उष्णता रात्रभर खोलीत सोडत बसतो. पालकांची तक्रार खोटी नव्हती. ते भेटीला दुपारी येत आणि त्या वेळी पत्र्याची खोली खरोखरच असह्य असे. झोप मात्र मोडत होती ती शेजारच्या खोलीत, आणि तेथील मोठी मुले काही बोलत नव्हती.

समितीसमोर तो आलेख ठेवला, खिंडारासकट. आच्छादनाचा खर्च त्या वर्षी झाला नाही. दुपारचा अभ्यास स्लॅबच्या खोलीत हलवला, लहानांची झोपण्याची जागा पत्र्याच्या खोलीतच राहिली, आणि स्लॅबवर बाहेरून चुन्याचे दोन हात दिले. चुन्यानंतर किती फरक पडला याच्या नोंदी त्याच फाईलच्या पुढच्या पानावर आहेत. विज्ञान विभागाच्या संगणकात ती अजूनही आहे; कोणास पडताळून पाहायची असल्यास अवश्य मागावी.